नऊ महिन्यांचं लेकरू: दुपारी ताप, रात्री नॉर्मल, घाम मात्र नाही

आरोग्यसेविका, गेवराई
मुलगा, 9 महिने. मार्चपासून रोज दुपारी 39-40 सेल्सिअस, रात्री अंगणात बाजेवर टाकलं की आपोआप उतरतो. मलेरिया, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), लघवी कल्चर नॉर्मल. अँटिबायोटिक झालं, पॅरासिटामॉलनं ढिम्म फरक नाही. कातडी कोरडी, केस विरळ, दात नाहीत. मामालाही ऊन सोसत नाही, त्याचे दात मोजकेच. काय असेल?

बालरोग, लातूर
ताई, मामाचं लिहिलंत हे फार बरं केलं. हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसियाचा संशय घ्या, म्हणजे घाम, केस, दात जन्मतःच कमी असण्याचा आनुवंशिक आजार. घामाच्या ग्रंथी नसतात किंवा अगदी थोड्या असतात, अंगातली उष्णता आतच कोंडते. मेंदूनं ताप चढवलेलाच नसतो, मग पॅरासिटामॉल उतरवणार काय? थंड जागेतही ताप टिकला तर मात्र संसर्गच समजून तपासा.
त्याआधी विचारा: पोटदुखीचे डायसायक्लोमिनचे थेंब किंवा फिटसाठी टोपिरामेट चालू आहे का? दोन्हींनी घाम कमी होतो. आणि लसीच्या सुईला लेकरू रडतं का? रडत नसेल, जीभ-बोटं चावून जखमा असतील, तर वेदना न कळण्याचा वेगळाच आजार आहे.

त्वचारोग, संभाजीनगर
घाम बघायला लेकराला तापवू नका, चाचणी आईची करा; हा आजार बहुधा आईकडून मुलग्यात उतरतो. पाठीवर आयोडीनचं द्रावण लावून पूर्ण वाळू द्यायचं, वरून कॉर्नफ्लोअर पातळ भुरभुरायचं, उबदार खोलीत बसवायचं. घाम येईल तिथं निळं-काळं होतं. वाहक (सदोष जनुक असलेल्या, मुलांत तो उतरवू शकणाऱ्या) आईच्या पाठीवर कोरडे व्ही आकाराचे पट्टे उरतात. आयोडीन ओलं असतानाच पीठ टाकलं तर डाग कशाचा ते कळत नाही. आयोडीनची अ‍ॅलर्जी, थायरॉइडचा आजार किंवा दिवस गेलेले असतील तर करू नका. लेकराच्या बोटांवरच्या रेषांत घामाची छिद्रं आहेत का, हे डर्मोस्कोपनं (कातडी बघायच्या भिंगानं) दिसतं. पक्कं निदान जनुक चाचणीनं: आधी ईडीए जनुक, तिथं काही नाही सापडलं तर ईडीएआर, डब्ल्यूएनटी10ए.

आरोग्यसेविका, गेवराई
दातांचा ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्सरे) काढायला सांगू का?

दंतवैद्यक, संभाजीनगर
एवढं लहान लेकरू स्थिर बसत नाही, ओपीजी निघणार नाही. जबड्याच्या साध्या एक्सरेत दातांचे अंकुर आहेत की नाहीत ते दिसतं. नुसते दात नाहीत यावर जाऊ नका, काहींना वर्षानंतरच येतात. पुढं आले तर बहुधा टोकदार, सुळ्यासारखे येतील.
मामा-भाचा हा नमुना जुनाच. सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबात चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, हे डार्विननं 1875 मध्ये नोंदवलंय. मुली बाधित नसायच्या, पण त्यांच्या मुलांत ते उतरायचं. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची 50 टक्के शक्यता.

बालरोग, लातूर
रिपोर्ट येईस्तोवर थांबू नका. दुपारी पत्र्याखाली ठेवू नका. सुती बंडी ओली करून घाला, वाळली की परत भिजवा. 40 अंशांत कोरड्या अंगावर नुसता पंखा म्हणजे गरम वाऱ्याचा झोत. मे महिन्यात आपल्याकडं कूलर झकास चालतो; पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की बंडी वाळत नाही, मग कूलरचाही उपयोग नाही. थंडाव्यात आणूनही 40 च्या वर राहिला, लेकरू सुस्तावलं किंवा झटका आला, तर कोमट पाण्यानं अंग ओलं ठेवत, वारा घालत थेट दवाखाना गाठा. बर्फ लावू नका, कुडकुडून अंगात आणखी उष्णता तयार होते.