मदत हवी आहे: ठाण्याचा विंडोज संगणक आणि ऐरोलीचा मॅक, दोन्हीकडचे फोटो एका डिस्कवर कसे आणावेत?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

घरातले फोटोंचे दोन संग्रह एकत्र करायचे आहेत. पहिला ठाण्यात, विंडोज १०च्या डेस्कटॉपवर. २००५पासूनच्या सुमारे ६१ हजार फाइली, ४१२ जीबी. फोल्डरांची नावे देवनागरीत आहेत, '२०११ गुढीपाडवा शोभायात्रा' अशा धर्तीची. पिकासा हे फोटो लावून ठेवायचे गूगलचे जुने सॉफ्टवेअर त्यावर अजून चालते आणि त्यात बऱ्याच फोटोंना तारे, मथळे आणि चेहऱ्यांची नावे दिलेली आहेत.

दुसरा ऐरोलीत, भावाच्या मॅकबुकवर फोटोज अ‍ॅपमध्ये. तिथे ३८ हजार फोटो, २९० जीबी. त्यात आयफोनचे फोटो आहेत आणि ठाणे खाडीवरच्या पक्ष्यांचे कॅमेऱ्याने काढलेले. मॅकची स्वतःची साठवण २५६ जीबीच आहे.

पेन ड्राइव्हवरून देवाणघेवाण होत राहिल्यामुळे काही हजार फोटो दोन्हीकडे आहेत. २ टीबीची नवी कोरी डिस्क आणि १ टीबीची एसएसडी हाताशी आहे. तारखा, मथळे आणि नावे न गमावता सगळे एकत्र करायचे आणि दुबार फोटो काढायचे, तर कामाचा क्रम काय ठेवावा? फोटोज लायब्ररीच्या आतल्या फाइली थेट उचलल्या तर चालतील का?

येऊर

आधी दोन गोष्टी सांगा. २५६ जीबीच्या मॅकवर २९० जीबी मावणार नाहीत, म्हणजे आयक्लाउडमध्ये 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' चालू असणार. आणि २ टीबीची डिस्क कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे?

खाडीकाठ

हो, ऑप्टिमाइझ चालू आहे. डिस्क एनटीएफएस आहे. मॅकवर उघडते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही.

तलावपाळी

मग सुरुवात तिथूनच. मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. कोरी आहे तोवर २ टीबीची डिस्क एक्सफॅट करा, या फॉरमॅटवर विंडोज आणि मॅक दोघेही लिहितात. एसएसडी मात्र एपीएफएस, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये करा, कारण फोटोज लायब्ररी एक्सफॅटवर ठेवायची नसते. फोटोज बंद करा, लायब्ररी एसएसडीवर ओढा, ऑप्शन बटण दाबून धरून फोटोज उघडा आणि एसएसडीवरची लायब्ररी निवडा. सेटिंग्जमध्ये तिलाच 'सिस्टिम फोटो लायब्ररी' करा, मग 'डाउनलोड ओरिजिनल्स टू धिस मॅक' निवडा. सगळे उतरेपर्यंत पुढचे काहीही करू नका. ऑप्टिमाइझ चालू असताना मॅकवर अनेक फोटोंच्या छोट्या प्रतीच असतात. लायब्ररीवर राइट क्लिक करून आतल्या फाइली उचलणारे इथेच फसतात. शिवाय आतल्या 'ओरिजिनल्स' फोल्डरमध्ये फाइलींची मूळ नावे नसतात, लांबलचक सांकेतिक नावे असतात. अल्बम आणि मथळे वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात, ते अशा कॉपीत येतच नाहीत.

बाहेर काढायचे दोन मार्ग आहेत. फोटोजच्या फाइल मेनूतले 'एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल' घ्या आणि 'आयपीटीसी अ‍ॅज एक्सएमपी'वर खूण करा, म्हणजे प्रत्येक फोटोशेजारी मथळा आणि कीवर्ड असलेली छोटी फाइल तयार होते. पण फोटोजमध्ये संपादित केलेली रूपे यात येत नाहीत, ती वेगळी काढावी लागतात. दुसरा मार्ग ओएसएक्सफोटोज हे मुक्त साधन. ते टर्मिनलमधून चालते, पण मूळ आणि संपादित दोन्ही काढते, संपादिताच्या नावामागे 'एडिटेड' लावते, आणि एक्झिफटूल (फोटोतली माहिती वाचणारे-लिहिणारे मुक्त साधन) बसवलेले असेल तर मथळे थेट फाइलीत लिहिते. ३८ हजारांसाठी हेच वापरा. फक्त अल्बमनुसार फोल्डर पाडायला सांगू नका. एक फोटो तीन अल्बममध्ये असला तर त्याच्या तीन प्रती होतील. अल्बमचे नाव कीवर्ड म्हणून लिहायला सांगा आणि फोल्डर वर्ष-महिन्याचे ठेवा.

आता ठाण्याची बाजू. २ टीबीवर तीन फोल्डर करा: 'मूळ-ठाणे', 'मूळ-ऐरोली' आणि 'एकत्र'. ४१२ आणि २९० मिळून ७०२, दोनदा धरले तर १४०४ जीबी. २ टीबी म्हणजे विंडोजच्या हिशेबाने १.८१ टीबी, तेव्हा बसते. 'मूळ-ठाणे'मध्ये डेस्कटॉपचा सगळा संग्रह जसाच्या तसा जाऊ दे, लपलेल्या फाइलींसह. पिकासाचे तारे प्रत्येक फोल्डरातल्या लपलेल्या 'पिकासा डॉट आयएनआय'मध्ये असतात आणि दुरुस्त करून सेव्ह केलेल्या फोटोंची मूळ रूपे 'पिकासाओरिजिनल्स' या लपलेल्या फोल्डरात. लपलेल्या फाइली मागे राहिल्या की ताऱ्यांचे आणि मूळ रूपांचे सगळे गेले.

पिकासा गूगलने २०१६मध्ये थांबवले, पण तुमच्याकडे ते चालते आहे हे फार मोलाचे आहे. 'मूळ-ठाणे' झाल्यावर डेस्कटॉपवर पिकासा उघडा. तारांकित फोटोंची गाळणी लावा, सगळे निवडा आणि 'तारांकित' असा टॅग द्या. तारा स्वतः फाइलीत लिहिला जात नाही, टॅग लिहिला जातो. चेहऱ्यांसाठी टूल्समधल्या एक्स्पेरिमेंटल यादीत 'राइट फेसेस टू एक्सएमपी' आहे, ते चालवा. ते संपले की 'एकत्र'मध्ये दुसरी कॉपी घ्या.

कॉपीसाठी टेराकॉपी वापरा, 'व्हेरिफाय' चालू ठेवून. डेस्कटॉपच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टला डिस्क लावली तर सव्वा तासाच्या आसपास, पुढच्या यूएसबी २ला लावली तर चार तास धरा, छोट्या फाइलींमुळे थोडे जास्तच, आणि व्हेरिफायचा वेळ वेगळा. यूपीएस नसेल तर पावसाळी संध्याकाळी हे काम काढू नका. एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नसते, मध्येच वीज गेली तर फोल्डरच बिघडू शकतो.

नेरूळकर

एवढे कशाला? सगळ्या फाइलींना तारीख-वेळेचे नाव द्या आणि एका फोल्डरात टाका. दुबार असतील त्यांची नावे सारखी येतील, 'रिप्लेस' म्हटले की काम झाले.

तलावपाळी

नेरूळकर, तसे कृपा करून कुणी करू नका. कॅमेरा एका सेकंदात सात-आठ फोटो काढतो, त्या सगळ्यांचे नाव एकच होईल आणि 'रिप्लेस'मध्ये शेवटचा एकच उरेल. पक्ष्यांच्या फोटोंत तर हमखास. जुन्या नावांचीही तीच गत: कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१वर येतो, म्हणून एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असणारच. नावावरून दुबार ठरवायचेच नाही.

दुबार ठरवायचे ते आतल्या बाइट्सवरून, म्हणजे हॅशवरून (बाइट्सवरून काढलेला, ठशासारखा आकडा). त्यातही एक अडचण आहे. ठाण्यातल्या प्रतीत पिकासाने मथळा लिहिला असेल तर तोच फोटो ऐरोलीच्या प्रतीशी बाइट-बाइट जुळणार नाही. एक्झिफटूलच्या नव्या आवृत्त्यांत 'इमेजडेटाहॅश' मागता येतो. तो मेटाडेटा, म्हणजे तारीख-मथळे अशी माहिती, वगळून फक्त चित्राच्या भागाचा हॅश देतो. दोन्ही बाजूंची यादी सीएसव्हीत काढा, स्प्रेडशीटमध्ये हॅशवर लावा, जोड्या समोर येतात. विंडोजवर एक्झिफटूलला देवनागरी फोल्डर सापडत नाहीत, म्हणून फाइलनावांचा कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ आहे हे आज्ञेत सांगावे लागते.

जोडीतली कुठली प्रत ठेवायची? आकाराने मोठी नव्हे, तर जिच्या फोल्डरला नाव आहे ती. 'गुढीपाडवा शोभायात्रा' हे नाव इतर कुठेही नोंदलेले नसते. ऐरोलीच्या प्रतीला कीवर्ड असतील तर आधी ते ठाण्याच्या प्रतीत उतरवा, मग ऐरोलीची प्रत 'दुबार' नावाच्या फोल्डरात हलवा. डिलीट आत्ता नको.

येऊर

तारखांबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंत एक्झिफ, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलीत लिहिलेली तारीख वगैरे माहिती, नसते. नाव 'आयएमजी-२०१९०८१४-डब्ल्यूए००७५' असे असते, आणि त्यातली तारीख फोटो काढल्याची नव्हे, त्या फोनवर आल्याची. तरी काहीच नसण्यापेक्षा ती बरी. एक्झिफटूलला 'नावावरून तारीख घे' एवढेच सांगितले तर ते पुढचे ००७५ हे आकडे तास-मिनिटे समजते, आणि ७५ मिनिटे असतात कुठे! 'डब्ल्यूए'पासून पुढचे काढून टाका, वेळ दुपारचे १२ द्या, आणि हे फक्त ज्यांत 'डेटटाइमओरिजिनल' (फोटो काढल्याची वेळ) रिकामे आहे त्यांनाच लावा. 'व्हॉट्सअ‍ॅप' हा कीवर्डही द्या, म्हणजे ही तारीख अंदाजाची आहे हे पुढे कळेल. एक्सप्लोररमधल्या 'डेट क्रिएटेड'वर अजिबात विसंबू नका, विंडोजमध्ये कॉपी केली की ती आजची होते.

व्हिडिओंचे वेगळेच. एमपी४ आणि एमओव्हीमधली वेळ नियमाप्रमाणे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ४ची काकड आरती आदल्या रात्री साडेदहाला जाऊन बसते. एक्झिफटूलमध्ये 'क्विकटाइमयूटीसी' हा पर्याय चालू केला की ते स्थानिक वेळेत वाचते. पण काही कॅमेरे नियम मोडून स्थानिक वेळच लिहितात, म्हणून प्रत्येक यंत्राचा एकेक व्हिडिओ आधी तपासा.

आयफोनच्या लाइव्ह फोटोंना याचाच फटका बसतो. एचईआयसी (फोटो) आणि एमओव्ही (छोटा व्हिडिओ) ही एकाच नावाची जोडी असते. तारखेवरून नावे बदलली तर एचईआयसीला दुपारची वेळ मिळते, एमओव्हीला सकाळची, आणि जोडी फुटते. नावे बदलायचीच असतील तर एमओव्हीला एचईआयसीचेच नाव द्या.

तलावपाळी

अनुमोदन. या फाइलींची नावे बदलूच नका असेच मी म्हणेन.

पाणथळ

पक्ष्यांच्या फोटोंबद्दल थोडे. हॅश झाल्यावर 'दिसायला सारखे' शोधायचा मोह होतो. त्यासाठी डिजीकॅम आहे, च्कावका आहे (पोलिश भाषेत उचकी, साधन उत्तम आहे). व्हॉट्सअ‍ॅपवरून छोटी होऊन आलेली प्रत हॅशने सापडत नाही, अशी प्रत पकडायला हे वापरा. खाडीवरचे फोल्डर मात्र यातून पूर्ण वगळा. रोहित पक्ष्यांचा थवा उडतानाचे वीस फोटो या साधनांना एकच वाटतात आणि पंख पूर्ण उघडलेला नेमका फोटो 'दुबार' म्हणून बाजूला पडतो. ते निवडायला डोळेच लागतात.

टॅगचेही बघा. ऐरोलीच्या बाजूला 'रोहित' म्हणजे पक्षी असेल आणि ठाण्याच्या बाजूला पिकासात रोहित नावाचा भाचा असेल, तर एकत्र केल्यावर दोघे एकाच टॅगखाली येतात. आधीच उतरंड करा: 'पक्षी'च्या खाली 'रोहित', 'माणसे'च्या खाली भाचा.

आणि टॅग आखूड ठेवा. फोटोत माहिती लिहिण्याच्या आयपीटीसी या जुन्या पद्धतीत कीवर्डला ६४ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना आणि मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे. 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' हा टॅग ७८ बाइटांचा आहे, तो 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभय' इथे तुटतो. एक्सएमपी या नव्या पद्धतीला ही मर्यादा नाही, म्हणून लिहिताना एक्सएमपीत लिहा.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ओरिजिनल्स उतरवून झाली, दोन्ही 'मूळ' फोल्डर तयार झाले आणि २०१४ या एका वर्षावर प्रयोग केला. दोन अडचणी आल्या. एक, भावाच्या जुन्या मॅक डिस्कवरून घेतलेला 'रायगड पायऱ्या' हा फोल्डर ठाण्यातल्या 'रायगड पायऱ्या'त मिसळला नाही, एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी दिसतात. दोन, फोटोज ३८ हजार दाखवते, पण 'मूळ-ऐरोली'त ९० हजारांच्या वर फाइली आहेत.

येऊर

पहिले 'ऱ'मुळे. युनिकोडमध्ये 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्का नावे तुकडे करून साठवतात, विंडोजवर टंकलेला 'ऱ' बहुधा अखंड असतो. डोळ्यांना सारखे, विंडोजला वेगळे. पायऱ्या, दऱ्या, नवऱ्यामुलाकडचे, अशा सगळ्या फोल्डरांत हे निघेल. मॅककडून आलेल्या फोल्डरचे नाव पूर्ण पुसून विंडोजवर नव्याने टंका, म्हणजे विंडोज दोन्ही एक करू का विचारेल. 'हो' म्हणा, पण आतल्या फाइलींसाठी 'रिप्लेस' नको, दोन्ही ठेवा. तसेच मॅकवर नावात तिरकी रेघ किंवा प्रश्नचिन्ह चालते, विंडोजवर चालत नाही. '१५/८ झेंडावंदन' असे फोल्डर असतील तर ते मॅकवरच '१५-८' करून घ्या.

तलावपाळी

दुसरे ठीकच आहे. लाइव्ह फोटो एक मोजला जातो, फाइली दोन असतात. संपादित रूप तिसरी, शेजारची एक्सएमपी चौथी. मोजायचे तर एक्सएमपी आणि 'एडिटेड' नावाच्या फाइली वगळा, आणि एचईआयसीच्या नावाशी जुळणाऱ्या एमओव्हीही वगळा. जो आकडा उरेल तो फोटोजमधल्या फोटो आणि व्हिडिओंच्या बेरजेशी जुळला पाहिजे. कमी पडला तर ओएसएक्सफोटोजचा अहवाल उघडा, त्यात 'मिसिंग' लिहिलेले म्हणजे आयक्लाउडवरून न उतरलेले. ते उतरवून 'अपडेट' पर्यायाने पुन्हा चालवा, फक्त राहिलेलेच येतील.

खाडीकाठ

वगळून मोजले. ४१ कमी होते, सगळे 'मिसिंग'. त्यातले ३९ आता उतरले. उरलेले दोन व्हिडिओ आहेत, ते भाऊ आयफोनवरून केबलने घेतोय.

तलावपाळी

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये फोटोजखाली 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, तिथे 'कीप ओरिजिनल्स' करून घ्या. 'ऑटोमॅटिक' असेल तर फोन वाटेत फॉरमॅट बदलू शकतो आणि हॅश जुळणार नाही.