हॉटेल येऊ दे, पण पाण्याचं बोला

आमच्या गिरगावात चाळींच्या गल्लीत उंच हॉटेल येणार आहे. ‘ते आलं की गिरगावची रया बदलेल, शेजारी उगाच कुरकुरतात’ असं काही जण म्हणतात. उत्सुकता मलाही आहे. ताजची जुनी इमारत १९०३ची, शेजारचा टॉवर १९७३चा. आज त्या दोघांशिवाय अपोलो बंदर डोळ्यांपुढे येत नाही. म्हणजे उंचीशी माझं भांडण नाही.

पण ताजसमोर समुद्र आहे हो, आमच्यासमोर आठ पावलांची गल्ली! मागच्या गल्लीत टॉवरचं पाइलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खांब घालायचं काम, चाललं होतं तेव्हा आमच्या फळीवरचे डबे थरथरायचे आणि जिन्याच्या भिंतीला गेलेली चीर अजून तशीच आहे. बिल्डरचा माणूस येऊन फोटो काढून गेला, तो गेलाच. म्हणून यावेळी काम सुरू व्हायच्या आधीच प्रत्येक चाळीची पाहणी करून सह्यांसकट कागद हातात हवा.

दुसरं पाणी. आमच्याकडे पहाटे ठरलेल्या वेळेपुरतं येतं. हॉटेलात पोहण्याचा तलाव असणार, मग टँकर उभे कुठे राहणार? गल्लीतच ना? त्यात गणपतीचे दिवस असले तर मांडव कुठे घालायचा तेही सांगा.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर आमच्या पोरांना दारावरच्या सलामापलीकडे काय देणार, ते लेखी विचारा.