हॉस्टेलच्या पत्त्यावरही नाव लागतं
कुणीतरी लिहिलंय की हॉस्टेलच्या पोरांना मतदानाचं काही पडलेलं नसतं, मला हे अजिबात पटलं नाही. आमच्याकडे पुण्यात निम्म्या पोरांची नावं गावच्या मतदार यादीत, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल, नांदेडला जाऊन यायचं म्हणजे दोन रात्री एसटीत, कसं जाणार सांगा? आणि हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव लावता येतं हेच कितीतरी जणांना माहीत नसतं. नवीन मतदार असाल तर नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरा, सोबत कॉलेजचं बोनाफाईड (तिथे शिकत असल्याचा दाखला) जोडा, गावी नाव असेल तर फॉर्म ८ भरून ते इकडे शिफ्ट करून घ्या, दोन्हीकडे ठेवू नका. १८ पूर्ण झाली का हे बघायला आता १ जानेवारीचीच वाट बघावी लागत नाही, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची १ तारीखही धरतात आणि १७ पूर्ण झाली की आधीच अर्ज टाकता येतो.

कॅम्पसवर निवडणुकीवरून होणाऱ्या भांडणांचं म्हणाल तर विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवायला नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्येच छापील पोस्टर नको, हाताने बनवलेलीच लावा असं सांगितलं होतं, मला ते फार आवडतं कारण पैसेवाला आणि साधा पोरगा एका रांगेत येतात. माझा रूममेट दुसऱ्या पक्षाचा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद घालतो आम्ही, पण जातीवर, घरच्यांवर कुणी जात नाही आणि सकाळी चहाला सोबतच जातो.