सीडी चालते, डीव्हीडी नाही: आधी कर्नल काय म्हणतो ते बघा

सीडी व्यवस्थित वाचली जाते, पण डीव्हीडी घातली की 'नो मीडियम फाउंड' (डिस्क सापडली नाही) येतं, अशी मूळ तक्रार आहे. त्यावर लिनक्स पुन्हा टाकण्याचा जो सल्ला वर दिलाय, तो कृपया अमलात आणू नका. सीडी वाचली जातेय म्हणजे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ड्राइव्ह दिसतोय, परवानग्याही ठीक आहेत.

सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर असतो, डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा लाल. एक क्षीण झाला तरी दुसरा चालू राहतो, म्हणून हे लक्षण बहुतेकदा हार्डवेअरचंच असतं.

खात्री करायला टर्मिनलमध्ये सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून 'डीमेसग' ही कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा फॉलो पर्यायासह (sudo dmesg --follow) चालू ठेवा आणि मग छापील, म्हणजे कारखान्यातच भरून आलेली, डीव्हीडी घाला. कोरी डिस्क नको, तिच्यावर फाइलसिस्टमच (फाइल्सची मांडणी) नसते. 'मीडियम एरर' किंवा 'अनरिकव्हर्ड रीड एरर' दिसला तर दोष डिस्कचा किंवा लेन्सचा. 'एटीए बस एरर' आणि वारंवार लिंक रीसेट (जोडणी तुटून पुन्हा सुरू होणं) दिसले तर ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला, ती स्वस्त आहे.

लॅपटॉपच्या ड्राइव्हची लेन्स ट्रे उघडला की समोरच असते. वीज बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवा. लेन्स बारीक तारांवर तोललेली असते, दाब अजिबात देऊ नका.

फाइल्स दिसतात पण सिनेमा चालत नाही, असं असेल तर प्रश्न वेगळा: 'लिबडीव्हीडीसीएसएस' (libdvdcss) ही सिनेमाच्या डीव्हीडीचं कुलूप उघडणारी लायब्ररी टाका. ड्राइव्हचा रीजन (कुठल्या प्रदेशातल्या डीव्हीडी चालतील ते ठरवणारा कोड) मात्र उगाच बदलत बसू नका, ड्राइव्ह तो पाचदाच बदलू देतो.