शब्दचर्चा: फिलिपिनो सिनेमातला 'पो'

मूळ प्रश्न
ओटीटीवर हाताला लागेल तो फिलिपिनो सिनेमा बघायचा नाद लागलाय. परवा ब्रिलान्ते मेंडोझाचा 'मा रोसा' पाहिला. यातल्या कामासाठी जॅकलिन होसेला 2016 साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता. किराणा दुकानाच्या आडून अमली पदार्थ विकणाऱ्या रोसाला पोलीस उचलतात आणि सोडायचे पैसे मागतात. या सगळ्या सिनेमांत वाक्यावाक्याला 'पो' कानावर पडतं, सबटायटलमध्ये मात्र त्याचा मागमूस नसतो. भानगड काय आहे?

प्रतिसाद
टागालोग या फिलिपिन्समधल्या प्रमुख भाषेतला आदराचा शब्द आहे. त्याला स्वतःचा वेगळा अर्थ नाही. 'सालामात' म्हणजे आभार. वडीलधारे, अनोळखी माणूस, साहेब यांना 'सालामात पो'. 'ओओ' म्हणजे हो, अदबीनं 'ओपो'. सर्वनामांचंही आपल्यासारखंच: 'इकाव' म्हणजे तू, 'कायो' म्हणजे तुम्ही, मग समोर एक असो की दहा. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हींचं 'यू' होतं आणि कोण कुणाला वचकून आहे ते तिथेच गळून पडतं.

'पो'चं जरा सैल रूप 'हो' आहे. 'आनो' म्हणजे काय. त्यामुळे 'आनो हो?' म्हणजे चक्क 'काय हो?'! नातं काही नाही बरं का, निव्वळ योगायोग.

मूळ प्रश्न विचारणारी
अरेच्चा! म्हणजे लाच मागणाऱ्यालाही अहो-जाहो?

प्रतिसाद
त्याला तर जास्तच. आपल्याकडे चौकीत 'साहेब, साहेब' करणाऱ्याच्या मनात आदर किती असतो? माझ्या मते 'पो'चा निम्मा वापर गरजेपोटीच होतो. पुढच्या वेळी सबटायटल झाकून ठाण्यातले प्रसंग ऐका. कुणी 'पो' लावलं आणि कुणी नाही, एवढ्यावरून उतरंड कळते.

आणखी एक
खरं नातं असलेले शब्दही आहेत. 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'मुखा' म्हणजे चेहरा, 'आसा' म्हणजे आशा. मूळ संस्कृत, मलयच्या वाटेनं तिकडे पोचलेले. 'दुखा'चा अर्थ मात्र कंगाल! इश्माएल बेर्नालच्या 1982 च्या 'हिमाला'चा हिमालयाशी काही संबंध नाही. 'हिमाला' म्हणजे चमत्कार.

मूळ प्रश्न विचारणारी
आणि 'कुया', 'आते'?

प्रतिसाद
दादा आणि ताई. दोन्ही होक्किएन चिनीतून आलेले. सख्ख्या भावंडांना तर म्हणतातच, शिवाय ड्रायव्हरलाही 'कुया', आपण रिक्षावाल्याला 'दादा' म्हणतो तसं.

एक सांगून ठेवतो, सेबुआनो भाषेतले सिनेमे लावलेत तर 'पो' शोधत बसू नका. त्या भाषेत ते नाही.