चर्चा: लिस्टची 'ला कांपानेला' (छोटी घंटा) ही पियानोरचना इतकी द्रुत वाजवायलाच हवी का?

पांढरीपट्टी: व्हायोलिनवादक पॅगानिनीच्या दुसऱ्या व्हायोलिन कन्चेर्तोतल्या (वाद्यवृंदासोबतच्या रचनेतल्या) रोंडो या शेवटच्या भागावरून लिस्टने ही रचना केली. १८३८ची आवृत्ती पुढे सोपी करून १८५१मध्ये त्याने जी नवी आवृत्ती आणली, तीच आज आपण वाजवतो. सुरुवातीला लिहिलंय 'आलेग्रेत्तो', म्हणजे मध्यम जलद. आलेग्रो (जलद) सुद्धा नाही! तरी स्पर्धांमध्ये पहिल्याच पानापासून घोडदौड सुरू होते. वरचा डी शार्प (एक काळी पट्टी) म्हणजे घंटा. ती घाईत नुसती टकटक वाजते. लय उतरवा.

मंद्रसप्तक: असहमत. ताल ६/८चा आहे, म्हणजे एका आवर्तनात तीन-तीन ठोक्यांचे दोन झोके. फार ठाय घेतलंत की ते दोन झोके उरत नाहीत, सहा वेगळे ठोके ऐकू येतात आणि नृत्याची चाल मरते. शिवाय उडीचं तंत्रच बदलतं. उजवा हात खाली चाल वाजवून करंगळीने वरचा डी शार्प गाठतो. दोन सप्तकं म्हणजे जवळपास ३३ सेंमी, आणि मध्ये उसंत नाही. ठाय लयीत हात उंच कमानीतून नेण्याची सवय लागते. द्रुत लयीत ती कमान वेळ खाते. म्हणून सराव असा करा: खालचा स्वर वाजवा, झटकन वर जा, पट्टीवर करंगळी नुसती टेकवा, थांबा, मग दाबा. हालचाल पहिल्या दिवसापासून द्रुत, विश्रांती हवी तितकी. डी शार्प जेमतेम सेंटिमीटरभर रुंद. बोट टोकावर उभं ठेवलं तर घसरून डी किंवा ई वाजतो. करंगळी थोडी आडवी, पेराच्या मऊ गादीवर टेकवा.

पांढरीपट्टी: सरावाची पद्धत मान्य. पण तिच्यावरून मंचावरची लय ठरत नाही. चौथ्या-पाचव्या बोटांच्या ट्रिलपाशी (दोन शेजारचे स्वर झपाट्याने आलटून-पालटून) बघा: आधीच्या पानांत मनगट आवळलेलं असेल तर तिथे बाहू भरून येतो, ट्रिल अडखळतो आणि आतली चाल बुडते. शेवटच्या 'आनिमातो'साठी (अधिक जोशात वाजवायच्या भागासाठी) ताकद राहतच नाही. वाढवायला जागाच ठेवली नाही तर जोश वाढणार कसा?

हातोडी: दोघेही वाद्य विसरताय. पियानो बनवणाऱ्या एरार्डच्या दुहेरी सुटकेच्या यंत्रणेमुळे (पेटंट १८२१) ग्रँडवर, म्हणजे आडव्या पियानोवर, पट्टी पूर्ण वर न येताच स्वर पुन्हा वाजतो. साध्या अपराइटवर (उभ्या पियानोवर) ती बरीच वर यावी लागते, म्हणून एकच स्वर झपाट्याने पुन्हापुन्हा वाजवताना मधले स्वर गळतात. दोष बोटांचा समजून लोक जास्त जोरात ठोकतात, तेव्हा ते आणखी गळतात. अपराइटवर तो भाग हलक्या हाताने, पट्टी पूर्ण खाली न दाबता तपासा. गळणं थांबेल तीच तुमच्या वाद्याची कमाल लय. आणि तीच अख्ख्या रचनेला लावा.

मंद्रसप्तक: घरी ठीक. मंचावर ग्रँड असताना अपराइटची मर्यादा का पाळायची?