वेबपेज वर्डमध्ये पेस्ट केलं, घरी सगळं नीट दिसत होतं, प्रिंटला गेल्यावर फोटोंच्या जागी लाल फुल्या

कृष्णाकाठची लेक (पलूस, जि. सांगली)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, वाचा आणि मार्ग सांगा. आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी स्वातंत्र्यलढ्यातल्या सातारच्या प्रतिसरकारवरचे नेटवरचे मराठी लेख एका फाईलीत गोळा करतेय, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडल गाव, प्रतिसरकारची तुफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ लुटलेली पगाराची गाडी, असं सगळं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवर वाचणं जमत नाही, त्यांना मोठ्या अक्षरात कागदावरच द्यायचंय. लेखकांना मेल करून परवानगी घेतलीय, तो प्रश्न नाही.

अडचण अशी की पान सिलेक्ट करून वर्डमध्ये टाकलं की मेनू, जाहिराती, ‘हेही वाचा’, करडी पट्टी, निळ्या लिंका सगळंच येतं. तेही मी रात्री बसून हातानं साफ केलं, चाळीस पानं झाली, पेनड्राईव्हवर घेऊन प्रिंटच्या दुकानात गेले तर तिथं एकही फोटो नाही, नुसते चौकोन आणि त्यात लाल फुली. घरी त्याच फाईलीत फोटो दिसतात. मग पानाची पीडीएफ केली आणि त्यातून मजकूर कॉपी केला, तर ‘क्रांतिसिंह’चं ‘क्रांितसिंह’ झालं, पानोपान वेलांट्या अशाच सुटलेल्या. आणि वाईट वाटलं ते यातलं एक संकेतस्थळ आता उघडतच नाही याचं, माझ्याकडं फक्त बुकमार्क राहिला. काय करू?

डीटीपीवाला मिरज

ताई, फोटोचं आधी सांगतो कारण आमच्याकडं आठवड्याला एक तरी अशी फाईल येते. वेबवरनं पेस्ट करताना बऱ्याचदा वर्ड फोटो आत घेत नाही, फोटोचा फक्त पत्ता लिहून ठेवतो आणि फाईल उघडली की नेटवरनं तो आणून दाखवतो. घरी नेट चालू असतं म्हणून दिसतो, दुकानातल्या मशीनला नेट नसलं की फुली. तर घरी नेट चालू ठेवून फाईल उघडा, सगळे फोटो दिसू देत, मग फाईल मेनूत इन्फो, तिथं उजवीकडं खाली ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ असतं, त्यात सगळ्या ओळी निवडून ‘ब्रेक लिंक’ करा. फोटो कायमचे आत येतात. दुसरा रस्ता म्हणजे सगळं सिलेक्ट करून कंट्रोल शिफ्ट एफ९, यानं निळ्या लिंकासुद्धा साधा मजकूर होतात, तुम्हाला तेच पाहिजे. फक्त अनुक्रमणिका केली असेल तर तीही गोठते, म्हणून अनुक्रमणिका या कामानंतर करा.

नंतर वायफाय बंद करून फाईल परत उघडून बघा. फोटो दिसले तरच घराबाहेर पडा.

सह्याद्री ४१५ (सातारा)

पीडीएफमधून मराठी कॉपी करू नका ताई, कधीच नको. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी साठवायच्या आजच्या पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवलेली असते, आधी त मग ि, आणि स्क्रीनवर दाखवताना ती अक्षराच्या आधी काढली जाते. पीडीएफ म्हणजे मुळात कागदावर कुठं काय चितारायचं याचा हिशेब, त्यात वेलांटी जिथं दिसते तिथंच, म्हणजे अक्षराच्या आधी बसलेली असते. कॉपी केलं की बऱ्याचदा तोच क्रम बाहेर येतो. रफार आणि जोडाक्षरांची पण तीच गत. हाताने दुरुस्त करत बसलात तर चाळीस पानांत दोन-चारशे चुका तरी डोळ्यातनं सुटतील, आणि या लेखांत माणसांची, गावांची नावं आहेत, ती चुकीची छापली गेली तर वाचनालयात पुढं वर्षानुवर्षं तशीच वाचली जातील. मजकूर पानावरनंच घ्या. पीडीएफ करायची ती सगळ्यात शेवटी, दुकानात द्यायला, कारण तिच्यात फाँट सोबत जातो. नुसती वर्ड फाईल दिली आणि त्यांच्याकडं तुमचा फाँट नसला की ओळी सरकतात, पानं वाढतात.

वाचनवेडा इस्लामपूर

साफसफाई हाताने का करताय? फायरफॉक्स किंवा एज असेल तर पान उघडून एफ९ दाबा, बहुतेक लेखांना वाचन मोड मिळतो, मेनू जाहिराती सगळं जातं, मथळा, परिच्छेद, फोटो राहतात. तिथनं कॉपी करा आणि वर्डमध्ये पेस्ट करताना ‘मर्ज फॉरमॅटिंग’ घ्या, ठळक तिरपं शिल्लक राहतं पण फाँट आणि साईज तुमच्या फाईलीचा लागतो. नुसता मजकूर पाहिजे तर ‘कीप टेक्स्ट ओन्ली’, पण मग फोटो येत नाहीत. तरी ओळी मधेच तुटलेल्या दिसल्या तर फाइंड-रिप्लेसमध्ये वरच्या चौकटीत ओळीच्या तुटीचं चिन्ह घाला, ते त्याच खिडकीत ‘स्पेशल’च्या बटणाखाली मिळतं, आणि खालच्या चौकटीत एक स्पेस द्या, पाच सेकंदांत चाळीस पानं सरळ.

आणि प्रत्येक लेखाखाली पानाचा पत्ता आणि तुम्ही उतरवल्याची तारीख लिहाच.

सह्याद्री ४१५ (सातारा)

वरचं सगळं कागदाच्या फाईलीचं झालं, पण ताईंचा बंद पडलेल्या पानाचा मुद्दा मला जास्त लागला. वर्डमध्ये उतरवलं म्हणजे पान जपलं असं नाही, मूळ पान जसंच्या तसं वेगळं ठेवायला पाहिजे. क्रोममध्ये कंट्रोल एस दाबलं की खाली प्रकार विचारतो. ‘कम्प्लीट’ घेतलं तर एक फाईल आणि शेजारी एक फोल्डर तयार होतं, फोटो त्या फोल्डरमध्ये असतात, लोक नुसती फाईल पेनड्राईव्हवर घेतात आणि फोल्डर घरीच राहतं. त्यापेक्षा ‘सिंगल फाइल’ घ्या, सगळं एकात. सिंगलफाईल नावाचं ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शनपण आहे, त्याची फाईल कुठल्याही ब्राउझरात उघडते. सेव्ह करायच्या आधी पान एकदा तळापर्यंत सरकवा, हल्ली खालचे फोटो तिथं पोचल्याशिवाय लोडच होत नाहीत.

आणि वेबॅक मशीन बघितलंत का? इंटरनेट अर्काइव्हवाले १९९६ पासून जगभरातली पानं साठवतायत, २००१ ला ते सगळ्यांना खुलं केलं. बुकमार्कमधला पत्ता तिथं टाका, तारखांचं कॅलेंडर दिसेल. आणि जी पानं आज चालू आहेत त्यांचे पत्ते तिथल्याच ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाकून ठेवा, म्हणजे उद्या ती बंद झाली तरी कुणाला तरी सापडतील.

कृष्णाकाठची लेक (पलूस, जि. सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते. लिंका तोडल्या, वायफाय बंद करून बघितलं, फोटो आहेत! एफ९ तर मला माहीतच नव्हतं. आणि ते बंद पडलेलं संकेतस्थळ वेबॅकवर सापडलं, माझ्या बुकमार्कमधले सातही लेख आहेत, दोन फोटो तेवढे आले नाहीत. पण त्यातला एक लेख पानावर मराठी दिसत नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, तो गेला म्हणायचा का?

डीटीपीवाला मिरज

नाही गेला. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधला आहे तो, आत इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठीचा आकार द्यायचा. पानावर कंट्रोल यू दाबा आणि त्यात फाँटचं नाव शोधा, मग त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर वापरून मजकूर बदलून घ्या. जोडाक्षरं थोडी चुकतील, मुद्रितशोधन करावंच लागेल. फाँटचं नाव इथं टाका, मी बघतो.

कृष्णाकाठची लेक (पलूस, जि. सांगली)

टाकते संध्याकाळी. राहिलेल्या दोन फोटोंखाली कुंडलचं नाव आहे, रविवारी तिकडं जाऊन जुन्या घरांत कुणाकडं ते आहेत का विचारून येते.